जागा नव्हती, तरी तो घरातच आला

आजचा शास्त्रभाग : लूक २:१-७
सोबत वाचा : यशया १:३, नीतिसूत्रे १२:१०



नाताळ होऊन दोन दिवस झाले. डब्यात अजून शंकरपाळे आहेत, करंज्या मात्र संपल्या. तुमच्यापैकी बरेच जण आता परतीच्या बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये असतील. कुणाचं उद्यापासून ऑफिस सुरू. मग नाताळ झाल्यावर मी नाताळचाच शास्त्रभाग का घेतलाय, असं वाटेल. खरं सांगतो, हा भाग मी २० तारखेलाच लिहायला घेतला होता. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. कारण ज्या वचनावर लिहायचं होतं, त्याच्या बरोबर उलट मी वागत होतो. तसं लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं झालं असतं. आज लिहू शकतो.

आधी घरची परिस्थिती सांगतो.

ऑगस्टमध्ये आई गेली. बाबा आता नगरच्या घरात एकटे असतात. सरकारी कागदावर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात नगरच आहे. एकटे म्हणजे अगदी एकटे नाहीत. आईची दोन मांजरं आहेत. एक रूथ, ती तिरंगी. उपासनेहून परत येताना ती आईच्या मागे मागे घरापर्यंत आली आणि कितीही हाकललं तरी गेली नाही, म्हणून नाव रूथ. दुसरा योना, काळा-पांढरा बोका. तो पिल्लू असताना गल्लीतल्या पाईपमध्ये अडकला होता आणि बाहेर निघाला तो तिसऱ्या दिवशी. त्याला दुसरं काय नाव ठेवणार?

बाबांना मांजरं कधीच आवडली नाहीत. ते शाळामास्तर. शिस्तीचे. आईने मांजर मांडीवर घेतलं की पेपरमागून म्हणायचे, "हातपाय धुऊन स्वयंपाकाला लाग." मला वाटलं होतं, आई गेल्यावर महिन्याभरात ते मांजरं कुणाला तरी देऊन टाकतील.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी फोन केला. "बाबा, यंदा नाताळला पुण्याला या. तिकडे एकटे कशाला राहता? नातीलाही बरं वाटेल." बाबा म्हणाले, "येतो की. या दोघांना टोपलीत घालून आणतो."

मी म्हणालो, "मांजरं नको बाबा. जागा नाही."

ते एवढंच म्हणाले, "बरं."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. "मी काही येत नाही. इकडेच बरं आहे."

मग मी माझी बाजू मांडायला लागलो. आपण इंजिनिअर लोक कारणं फार व्यवस्थित मांडतो. टू बीएचके आहे. एक खोली आमची, एक लेकीची, हॉलमध्ये माझं कामाचं टेबल. लेकीला थंडीत खोकला होतो. सोसायटीच्या ग्रुपवर कुत्र्या-मांजरांवरून आधीच भांडणं. सोफा नवा आहे. नगरमध्ये शेजाऱ्यांकडे किल्ली देता येईल. पैसे देऊन मांजरं ठेवायची सोय असते, तीही मी शोधून ठेवली होती. प्रत्येक कारण खरं होतं. एकही खोटं नव्हतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आईने त्यांना कधी असं सोडलं नाही." फोन ठेवला.

रात्री बायकोने विचारलं, "तुला नक्की मांजरांचा त्रास आहे का?" मी चिडलो. चिडलो म्हणजे तिचा नेम बरोबर लागला होता.

आता शास्त्रभागाकडे येऊ.

लूक २:७ आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. संडे स्कूलच्या नाटकात मी तीन वर्षं उतारशाळेचा मालक होतो. डोक्याला पंचा बांधायचा, योसेफ-मरीया आले की हात हलवून "जागा नाही!" असं ओरडायचं. मोठा टाळ्यांचा रोल. गंमत म्हणजे लूकच्या गोष्टीत हा मालक नाहीच. पुन्हा वाचून बघा. कुणी दार आपटत नाही, कुणी हाकलून देत नाही. "बेथलेहेमात पोचले त्याच रात्री बाळ झालं" असंही लूक म्हणत नाही. ते तिथे असताना मरीयेचे दिवस भरले, असं सहाव्या वचनात आहे. म्हणजे ते तिथे कुठेतरी राहत होते.

मग "उतारशाळा"? आपल्या मराठी शास्त्रात हा शब्द आहे. मूळ ग्रीकमध्ये लूकने वापरलेला शब्द आहे "कातालुमा". हाच शब्द तो पुढे २२:११ मध्ये वापरतो. शेवटच्या भोजनासाठी येशू शिष्यांना एका घरी पाठवतो आणि पाहुण्यांची खोली कुठे आहे असं विचारायला सांगतो, तिथे. ती घराच्या माडीवरची खोली आहे. आणि पैसे देऊन मुक्काम करायची जागा सांगायची असते तेव्हा लूककडे वेगळा शब्द आहे. १०:३४ मध्ये चांगला शोमरोनी जखमी माणसाला नेतो त्या जागेला तो "पांदोखेइऑन" म्हणतो. म्हणजे दोन्हींतला फरक लूकला माहीत होता.

केनेथ बेली नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांनी कित्येक वर्षं मध्यपूर्वेत राहून शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की इथे प्रश्न लॉजचा नाही, नातेवाइकांच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीचा आहे. योसेफ दावीदाच्या कुळातला, आपल्या मूळ गावी आलेला. अशा माणसाला गावात एकही दार उघडणार नाही हे त्या संस्कृतीत पटणारं नाही. घरातली पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून घरच्यांनी त्यांना आपल्या राहत्या खोलीत घेतलं. त्या काळच्या साध्या घरात बहुधा एकच मोठी खोली असायची. माणसं उंच भागावर, आणि दाराजवळच्या खालच्या भागात रात्री जनावरं. दोन्हींच्या मध्ये, माणसांच्या बाजूला, गव्हाणी. १ शमुवेल २८:२४ मध्ये त्या एन-दोरच्या बाईचं पोसलेलं वासरू घरातच होतं, हे आठवा. सगळ्या अभ्यासकांना हा अर्थ मान्य आहे असं नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर गुहेचा उल्लेख करतो. पण बेथलेहेमच्या डोंगराळ भागात गुहेला लागून घर बांधायची पद्धत होती, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदीच विरुद्ध नाहीत. आणि मत्तय २:११ मध्ये मागी लोक बाळाला भेटायला येतात ते घरात.

मला हे वाचून एकदम आजोळ आठवलं. राहुरी तालुक्यातलं मातीचं घर. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला बैल. मग हातभर उंचीचा ओटा आणि त्यावर आम्ही झोपायचो. रात्री बैलाच्या गळ्यातली घंटा वाजायची, शेणाचा वास यायचा, आणि थंडीत त्या बैलांचीच ऊब लागायची. आम्हाला त्यात काही गरिबी किंवा अपमान वाटत नव्हता. घर म्हणजे तसंच असतं, असं वाटायचं.

तर मग बघा, चित्र कसं बदलतं. आपण दरवर्षी ऐकतो, येशूला घराबाहेर काढलं, म्हणून तो गोठ्यात जन्मला. पण कदाचित उलटं आहे. घर आधीच गच्च होतं. पाहुणे होते, जनावरं होती, नावनोंदणीची धावपळ होती. आणि त्या गर्दीतच, बाजूच्या वेगळ्या खोलीत नाही तर ऐन मधल्या खोलीत, देवाचा पुत्र आला. जागा "होती" म्हणून त्याला घेतलं नाही. जागा केली. गव्हाणीतलं गवत थोडं सरकवलं आणि बाळ ठेवलं.

माझ्या लक्षात आलं की "जागा नाही" हे वाक्य म्हणजे मोजमाप नव्हतं. तो माझा निर्णय होता. आमच्या घरात दोन मांजरांपुरती जागा होतीच. नव्हती ती माझ्या मनात.

का नव्हती? त्या रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा प्रभूने हळूच विचारावं तसं ते वर आलं. रूथला आईच्या शालीचा वास येतो. ती अजून संध्याकाळी सहाला दाराशी जाऊन बसते, कारण आई त्या वेळी यायची. बाबांनी फोनवर हे दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला होता. मला बाबा हवे होते, पण आईशिवायचं घर नको होतं. पुण्यात सगळं नवं, झाड नवं, दिवे नवे. तिथे आईची खुर्ची नाही. तिथे मी नाताळ निभावून नेला असता. मांजरं आली असती तर आई नाही हे घरभर फिरत राहिलं असतं.

आणि मग दुसरी गोष्ट उमगली. ती जास्त लागली. मी बाबांना सारखं म्हणत होतो, "तुम्ही या." माझ्याकडे या, माझ्या सोयीने या, जे नको ते मागे ठेवून या. देव असं म्हणाला का? "तुम्ही वर या, पण येताना तुमचं दुःख, तुमचा पसारा, तुमची जनावरं खाली ठेवून या"? असं तो म्हणाला असता तर आपल्यातला एकही पोचला नसता. तो स्वतः आला. आपण जिथे होतो तिथे, जसे होतो तसे, आपल्या गर्दीत. शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला, हे योहान सांगतो. आपल्यामध्ये म्हणजे आपल्या घरात. आपल्या वासात.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. "आम्हीच येतो नगरला."

ते गप्प. मग म्हणाले, "नारळ किती आणू?"

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे कोड फ्रीझ असतो, त्यामुळे सुट्टी मिळाली. २२ तारखेला निघालो. पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर. रस्त्यात ट्रॅफिकने जेवढा वेळ खाल्ला तेवढ्यात माझं बरंच तयारीचं भाषण करून झालं. बाबांना सॉरी कसं म्हणायचं वगैरे. दार उघडलं तर बाबा स्वेटर घालून उभे, आणि त्यांच्या खांद्यावर योना. मांजरं न आवडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर! भाषण तिथेच संपलं.

२३ तारखेला फराळ. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळचं ताट कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. केक असतो, पण केकच्या शेजारी करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू आणि चिवडा नसेल तर तो नाताळ कसला? दिवाळीत शेजारच्यांचं ताट आपल्याकडे येतं, नाताळला आपलं त्यांच्याकडे जातं. आई असताना आमच्या गल्लीत वीस-बावीस ताटं जायची. यंदा करंज्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. आईच्या वहीत कृती होती, पण प्रमाण काय लिहिलेलं? "खोबरं अंदाजाने. साखर त्या मानाने."

बायको हसायला लागली. म्हणाली, "डॉक्युमेंटेशन बघ तुझ्या आईचं." तेवढ्यात बाबा किसणी घेऊन बसले. म्हणाले, "दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी पिठीसाखर, चार चमचे खसखस भाजून, आणि वेलची तिला जास्त लागायची." आम्ही बघतच राहिलो. अडतीस वर्षं ते तिच्या शेजारी बसून खोबरं किसत होते. पेपर वाचतात असं मला वाटायचं. लेकीने कातण फिरवायचं काम घेतलं. तिच्या निम्म्या करंज्या तेलात फुटल्या. त्या आम्ही तिथेच खाल्ल्या.

योनाने पिठाच्या परातीत एक पाय ठेवला. रूथ झाडाखाली बसून चमकीची माळ ओढत होती. ती माळ मी लगेच काढली. ज्यांच्या घरी मांजरं आहेत त्यांनी लक्षात ठेवा, चमकीच्या माळा आणि रिबिनी मांजरांनी गिळल्या तर आतड्यात अडकून जिवावर बेततं. मनुका घातलेला केक आणि चॉकलेटही त्यांना देऊ नका. कांदा-लसूण तर त्यांच्यासाठी विषच.

हे कांद्याचं बाबांनाही ठाऊक होतं, तेही आईमुळे. बिर्याणीची कोंबडी आली तेव्हा बाबांनी मीठ-मसाला लावायच्या आधी चार तुकडे बाजूला काढले, नुसत्या पाण्यात उकडले, हाडं काढली आणि दोन बशांत ठेवले. म्हणाले, "त्यांचा वाटा आधी. तिचा नियम आहे." "होता" म्हणाले नाहीत.

आईच्या फ्रिजवर एक जुना कागद अजून चिकटवलेला आहे. त्यावर फक्त लिहिलंय, नीतिसूत्रे १२:१०. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असा त्या वचनाचा भाव. मंडळीतल्या काही जणी तिला हसायच्या, माणसांना खायला नाही आणि ही मांजरांना घालते म्हणून. ती त्यांच्याशी वाद घालायची नाही. पण जी मांजरांना घालायची तीच शेजारच्या आजारी आजींना सहा महिने डबा देत होती, हे आम्हाला माहीत होतं. एका जिवाला जागा केली की दुसऱ्याची जागा कमी होते, असं तिच्या घरात कधी झालं नाही. मनाचं मोजमाप चौरस फुटांत नसतं.

बायबलमध्ये घरातलं मांजर शोधायला गेलात तर आपल्या ६६ पुस्तकांत सापडणार नाही. कॅथलिक बंधुभगिनींच्या बायबलमध्ये बारूखच्या सहाव्या अध्यायात एकदा येतं, तेही बाबेलच्या देवळात. पण घरात जीव लावून पाळलेलं जनावर मात्र आहे. नाथान संदेष्टा दावीदाला जी गोष्ट सांगतो तिच्यातली ती एकुलती एक मेंढी. गरीब माणसाच्या घरात ती त्याच्या मुलांबरोबर वाढते, त्याच्या घासातला घास खाते, त्याच्या कुशीत झोपते. २ शमुवेल १२. देवाने राजाला त्याचं पाप दाखवायला हीच गोष्ट निवडली, कारण असं प्रेम खरं असतं आणि ते तोडणं क्रूर असतं, हे दावीदालाही लगेच कळणार होतं. मला तर नाथानाने थेट फोन केल्यासारखं वाटलं.

२४ च्या संध्याकाळी गायन मंडळी आली. पेटी, ढोलकी, टाळ, आणि नगरची कडाक्याची थंडी. दरवर्षी आई दारात उभी राहून सगळ्यांना चहा द्यायची. यंदा बाबा उभे राहिले. चहात साखर दुप्पट पडली होती, कुणी काही बोललं नाही. गाणं झाल्यावर एका म्हाताऱ्या काकांनी बाबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ढोलकीवाला पोरगा थांबून राहिला.

रात्रीच्या उपासनेहून परत यायला साडेबारा झाले. आमच्याकडे पद्धत अशी की देखाव्यातली गव्हाणी रिकामी ठेवायची आणि उपासनेहून आल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने बाळ येशू त्यात ठेवायचा. आमची गव्हाणी म्हणजे बुटांचं खोकं, त्यात वाळलेलं गवत. लेक बाळ घेऊन धावत गेली आणि तिथूनच ओरडली, "पप्पा! जागाच नाही!"

गव्हाणीत रूथ झोपली होती. अंगाचं वेटोळं करून, शेपूट नाकावर घेऊन. मेंढपाळ आडवे, एक मागी टेबलाखाली.

मी तिला उचलायला वाकलो. बाबा म्हणाले, "राहू दे." त्यांनी नातीच्या हातातलं बाळ घेतलं आणि रूथच्या पोटाशी, गवत थोडं सरकवून, ठेवलं. म्हणाले, "होते जागा. ऊब पण मिळेल." रूथने एक डोळा उघडला आणि मिटला.

मग बाबा आईच्या खुर्चीत बसले आणि रडले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि मीही रडलो. लेकीला काही कळलं नाही, तिने दोघांना एकेक करंजी आणून दिली. रात्री एक वाजता आम्ही रडत करंजी खाल्ली. पुण्यात मी जे टाळत होतो ते हेच होतं. आणि ज्याची मला ऑगस्टपासून गरज होती तेही हेच होतं.

देखाव्यात जनावरं कुठून आली, हे तुम्ही कधी शोधलंय का? लूक बैल-गाढवाचं नाव घेत नाही. गव्हाणी होती एवढंच सांगतो. बैल-गाढव आले ते मुख्यतः यशया १:३ वरून. तिथे देव म्हणतो त्याचा भाव असा, की जनावराला आपला धनी कळतो, आपली गव्हाणी कळते, पण माझ्या लोकांना मी कळत नाही. पुढे १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाणी, खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून उपासना केली. साध्या माणसांना बेथलेहेम डोळ्यांनी दिसावं म्हणून. त्याच्या चरित्रकारांनी असंही लिहून ठेवलंय की नाताळच्या दिवशी बैल-गाढवांना जास्तीचा चारा द्यावा आणि पाखरांसाठी वाटेवर दाणे टाकावेत, अशी त्याची इच्छा होती. म्हणजे "त्यांचा वाटा आधी" हा नियम आईने शोधलेला नव्हता. आठशे वर्षांपूर्वीही कुणाला तरी तो सुचला होता.

यशयाचं ते वचन मी आधी बैल-गाढवांसाठी गोड वचन म्हणून वाचायचो. ते गोड नाही, ती तक्रार आहे. रूथला कळलं की घरातली उबदार जागा गव्हाणीत आहे. ती सरळ जाऊन झोपली. मी मात्र चार आठवडे कारणं मांडत बसलो होतो.

प्रियांनो, आता तुमच्याकडे वळतो. आपण बहुतेक जण घरापासून लांब राहतो. हिंजवडी, बंगळुरू, काही जण दुबई, काही त्याहून लांब. आपण घरी पैसे पाठवतो, व्हिडिओ कॉल करतो, ऑनलाइन केक पाठवतो. हे चांगलंच आहे. पण कुणीतरी असं असतं ज्याला आपण "ये" म्हणतो आणि मनात म्हणतो, "पण ते सोडून ये." तुझं आजारपण सोडून, तुझे जुने विषय सोडून, तुझं दुःख सोडून, तुझी मांजरं सोडून. ते माणूस "बरं" म्हणतं आणि येत नाही. आपल्याला वाटतं आपण तर बोलावलं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळ्यांचं घर सुरक्षित नसतं. जिथे मारहाण होते, छळ होतो, तिथे परत जाणं म्हणजेच विश्वास, असं मी म्हणत नाही. हेरोदापासून बाळाला वाचवायला योसेफ रातोरात मिसर देशात निघून गेला, आणि ते देवाच्या सांगण्यावरूनच. तुमची गोष्ट अशी असेल तर हे वाचन तुमच्यावर ओझं होऊ नये. तुम्हाला जागा करून देणारी माणसं प्रभू देवो.

पण ज्यांचं कारण माझ्यासारखं आहे, म्हणजे सगळी कारणं खरी आणि तरी खरं कारण वेगळंच, त्यांनी आज थोडं थांबा.

नाताळ झाला म्हणून उशीर झालेला नाही. बाळ एका रात्रीत जन्मलं, पण त्या घराने त्याच्यासाठी जागा केली ती फक्त एका रात्रीपुरती नव्हती. मागी लोक आले तेव्हाही बाळ घरात होतं.

आज एक गोष्ट करा. ज्या माणसाला तुम्ही "पण ते सोडून ये" असं म्हणालात, त्याला फोन करा आणि ते जे "ते" आहे त्याच्याबद्दलच विचारा. मी काल बाबांना फोन करून पहिलं विचारलं, "रूथ जेवली का?" बाबा वीस मिनिटं बोलले. त्यात आईचं नाव सात-आठ वेळा आलं. मी विषय बदलला नाही.

जानेवारीत ते पुण्याला येणार आहेत. टोपली घेऊन. सोफ्यावर मी जुनी चादर टाकून ठेवली आहे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्या रिकाम्या, आवरलेल्या घराची वाट बघत थांबला नाहीस. गर्दीच्या घरात, जनावरांच्या उबेत, गवत सरकवून केलेल्या जागेत तू आलास. आम्ही "जागा नाही" म्हणतो तेव्हा त्यामागचं खरं कारण आम्हाला दाखव. ज्यांच्या घरात यंदा एक खुर्ची रिकामी होती त्यांच्याजवळ बैस. आमच्या आईवडिलांना, आमच्या लेकरांना आणि आमच्या दाराशी येऊन बसणाऱ्या मुक्या जिवांना सांभाळ. आम्हाला बोलावण्याआधी जायला शिकव, जसा तू आलास. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्याचा शास्त्रभाग : लूक २:८-२०. मेंढपाळ रात्रपाळीवर होते. आपल्यातल्या नाइट शिफ्टवाल्यांनी जरूर वाचा.